मालकी एकाची, वहिवाट गल्लीची

कोल्हापूर शहरात बाहेरून येणाऱ्या मालाची नोंद ज्या काळी जकात नाक्यांवर होत असे, त्या काळी कापडाच्या गाठींपासून लोखंडाच्या सळ्यांपर्यंत बहुतेक प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या पावतीवर आपले नाव ठेवूनच शहरात शिरत असे. परंतु गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत येथील मुलांच्या सुट्टीच्या दुपारी ज्या वस्तूने व्यापून टाकल्या, ती हातात मावणारी, सेलवर चालणारी आणि बोटभर पडद्यावर काळ्या आकृती नाचवणारी वस्तू मात्र प्रवाशांच्या बॅगांतून, कपड्यांच्या घड्यांमधून आणि मामा-काकांच्या खिशांतून आली, आणि म्हणून तिचा माग कोणत्याही दफ्तरात लागण्याचा संभव नाही. तिला आम्ही ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू. पुढे नुसतेच ‘गेम’ म्हणू लागलो. तिचा इतिहास लिहावयाचा तर परदेशातील कारखानदारांचा प्रसिद्ध वृत्तान्त, आपल्या देशाच्या आयात धोरणाचा आलेख आणि कोल्हापूरच्या गल्ल्यांतून वाढलेल्या एका पिढीची स्मृती या तीन धाग्यांचा पीळ घालूनच तो लिहिला पाहिजे, आणि या तिसऱ्या धाग्याचे जतन आजवर कोणी फारसे केलेले नसल्यामुळे माझा भर त्यावरच अधिक राहणार आहे.

या यंत्राचे मूळ जपानातील क्योतो नगरात सापडते. तेथे १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी ‘हानाफुदा’ या फुलापानांच्या चित्रांनी सजलेल्या पत्त्यांचा व्यवसाय सुरू केला आणि त्या व्यवसायातूनच कालांतराने निन्टेंडो ही जगद्विख्यात कंपनी उभी राहिली. घाट उतरून सावंतवाडीला गेलेल्या कोल्हापूरकराला या माहितीचे विशेष वाटल्याखेरीज राहणार नाही. कारण तेथेही पत्ते रंगवण्याची जुनी परंपरा आहे, लाखेचा लेप दिलेली गोल गंजिफाची पाने आहेत, दशावतारांच्या चित्रांचा १२० पानांचा जोड आहे, आणि ही कला नामशेष होण्याच्या बेतात असता शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना आश्रय देऊन १९७० नंतरच्या वर्षांत तिला पुन्हा उभारी दिली, हा इतिहासही आपल्या परिचयाचा आहे. पत्ते करणारी दोन गावे. त्यांपैकी एकाच्या पोटी विजेवरची खेळणी जन्माला आली आणि दुसऱ्याची कला संस्थानिकांच्या दरबारात जीव धरून राहिली. हा भेद हस्तकौशल्याचा आहे असे मला कधीच वाटले नाही. भांडवल, बाजारपेठ आणि राज्यकर्त्यांचे औद्योगिक धोरण या तिहींची अनुकूलता ज्या गावाला लाभली त्या गावाने पुढची मजल मारली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

क्योतोच्या त्या कारखान्यात १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा एक तरुण यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीस लागला. हाताला सवड होती, म्हणून त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी लाकडी पट्ट्यांचा, लांब होऊन दूरची वस्तू पकडणारा एक पंजा तयार केला. मालक हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तो पडला आणि दंड करण्याऐवजी त्यांनी तो बाजारात आणण्याचा हुकूम दिला. ‘अल्ट्रा हँड’ या नावाने १९६६ साली विक्रीस आलेल्या या खेळण्याने कंपनीची दिशाच बदलून टाकली. पुढे एकदा आगगाडीच्या प्रवासात एक कंटाळलेला नोकरदार आपल्या गणकयंत्राची बटणे उगाचच दाबत बसलेला योकोई यांना दिसला आणि त्या दृश्यावरून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. ज्या तंत्राची नवलाई ओसरली आहे, जे स्वस्त झाले आहे आणि ज्याचे गुणदोष पुरते कळून चुकले आहेत, त्याचाच अनपेक्षित ठिकाणी उपयोग करावा, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते.

कोल्हापूरला हे सूत्र परके नाही. फारसे शालेय शिक्षण नसताना केवळ निरीक्षणाच्या आणि हाताच्या बळावर यंत्रविद्या आत्मसात करणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचे नाव या शहरात आजही आदराने घेतले जाते, आणि मोडलेले परदेशी इंजिन उघडून पाहावे, त्याचे मर्म ओळखावे व त्याबरहुकूम आपल्या भट्टीत नवा भाग ओतावा, या वृत्तीतूनच उद्यमनगराची भरभराट झाली. योकोई हे वृत्तीने मेस्त्रीच होते. त्यांचे चरित्र मी पुष्कळ उशिरा वाचले. पण ते वाचताना हा मनुष्य आपल्या उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये अगदी सहज सामावून गेला असता, असे मला राहून राहून वाटले.

‘गेम अँड वॉच’ या मालिकेतील पहिले यंत्र १९८० च्या एप्रिल महिन्यात जपानात विक्रीस आले. गणकयंत्रांच्या कंपन्यांमधील जीवघेण्या स्पर्धेमुळे द्रवस्फटिकाचे पडदे स्वस्त झाले होते. शार्प कंपनीकडून ते घेऊन योकोई यांनी प्रत्येक यंत्रात एकच खेळ आणि जोडीला घड्याळ अशी रचना केली. या पडद्याचे वैशिष्ट्य असे, की त्यावरील प्रत्येक आकृतीची प्रत्येक जागा कारखान्यातच कायमची ठरवलेली असे. चेंडू हवेतून जातो असे जे दिसे, ते वस्तुतः एकामागून एक उमटणाऱ्या स्थिर आकृतींमुळे. यंत्र बंद करून उन्हात तिरके धरले, की त्या सर्व आकृती फिकट छायांच्या रूपाने एकाच वेळी दिसत, आणि खेळाडूचे दहा हात, चेंडूच्या वीस जागा, पडण्याचे, उठण्याचे आणि हरण्याचे सगळे क्षण एकत्र पाहावयास मिळत. लहान वयात काळाविषयी जे काही गूढ मला जाणवले, ते प्रथम त्या तिरक्या काचेत.

आता ही वस्तू आमच्या शिवाजी पेठेपर्यंत आली कशी, हे सांगितले पाहिजे. त्या दिवसांत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीला सरकारी परवान्याचा अडसर होता आणि परवाना मिळालाच तरी आयात शुल्क अवाच्या सवा असे. एकच वाट मोकळी होती. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला आपल्या सामानासोबत ठरावीक किमतीपर्यंतच्या वस्तू आणण्याची मुभा. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढून आखाती देशांत बांधकामांना जो भर आला, त्याने कोकणातील असंख्य कुटुंबांप्रमाणेच आमच्या बाजूचेही फिटर, वेल्डर आणि वाहनचालक तिकडे ओढले. आणि दोन-दोन वर्षांनी सहारच्या विमानतळावर उतरणाऱ्या या माणसांच्या बॅगांतून अत्तर, जाड ब्लँकेटे, टेपरेकॉर्डर आणि मुलांसाठी सेलवरचे गेम येऊ लागले. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी कोल्हापूरच्या स्थानकावर उतरलेला आखाती काका टांग्यातून किंवा रिक्षातून गल्लीत शिरला, की घरातल्या मोठ्यांचे लक्ष टेपरेकॉर्डरकडे जाई आणि मुलांचे त्याच्या हातातल्या लहान पिशवीकडे.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ कुवेतला वेल्डर होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत व्यापले आणि त्यानंतरच्या महिन्यांत भारत सरकारने सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले, ही घटना आता इतिहासाच्या पुस्तकांत गेली आहे. गल्लीच्या लेखी तिचा अर्थ असा होता, की ते गृहस्थ वाळवंटातून बसने, मग छावणीत राहून, मग विमानाने, अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. बारा वर्षांची मिळकत तिकडेच राहिली. खिशात पासपोर्ट होता आणि मुलासाठी आधीच घेऊन ठेवलेला एक लहानसा गेम होता. तो गेम त्या घरात पुढे कैक वर्षे देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात राही आणि त्या घरच्या आजीबाई तो खेळावयास देताना प्रत्येक मुलाला आधी हात धुवून यावयास सांगत. त्या वस्तूला तसा मान देणे योग्यच होते, असे मला आजही वाटते.

इकडे जपानात, २१ एप्रिल १९८९ रोजी, योकोई यांच्याच विभागाने घडवलेला ‘गेम बॉय’ बाजारात आला. किंमत १२,५०० येन. पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके, हिरवट पार्श्वभूमीवर राखाडी रंगाच्या केवळ चार छटा, मागून प्रकाश नाही, चार पेन्सिल सेल. प्रतिस्पर्धी अटारी आणि सेगा या कंपन्यांनी रंगीत आणि प्रकाशमान पडद्यांची यंत्रे काढली. पण त्यांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांतच माना टाकत, तर गेम बॉय दहा-पंधरा तास सहज चाले. जुन्या, स्वस्त आणि खात्रीच्या तंत्रावरची योकोई यांची श्रद्धा येथे पुरेपूर फळास आली. मूळ गेम बॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत अवतार यांची जगभरातील एकत्रित विक्री ११ कोटी ८० लाखांच्या वर गेली.

या यशातला मोठा वाटा एका रशियन खेळाचा होता. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या संगणकावर तो रचला. चार चौकोन एकमेकांस जोडून होणाऱ्या सात आकृती वरून खाली पडतात, त्या फिरवून आडवी ओळ सलग भरावयाची, भरलेली ओळ नाहीशी होते आणि न भरलेल्या ओळींचा ढीग वर चढत जातो, नियम इतकेच. सोव्हिएत राज्यात या रचनेचे हक्क सरकारचे असल्यामुळे ‘एलोर्ग’ या सरकारी संस्थेशी करारनामा केल्याखेरीज कोणालाही ते कायदेशीर मार्गाने मिळणे शक्य नव्हते, आणि तोंडी समजुती, अर्धवट कागद व परस्परविरोधी दावे यांच्या गुंत्यात युरोप-अमेरिकेतील अनेक कंपन्या अडकलेल्या असताना, १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स नावाचा व्यापारी रीतसर आमंत्रण नसताना मॉस्कोत जाऊन थडकला आणि हातात धरावयाच्या यंत्रांसाठीचे हक्क घेऊन परतला. अमेरिकेत गेम बॉयसोबतच टेट्रिसची कॅसेट देण्यात आली. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह हे अंतराळवीर आपला गेम बॉय आणि टेट्रिस ‘मीर’ या अंतराळस्थानकावर घेऊन गेले. स्वतः पाजित्नोव्ह यांना आपल्या निर्मितीचे आर्थिक फळ मिळू लागण्यास मात्र १९९६ साल उजाडावे लागले, ही गोष्ट मला फार लागते.

कोल्हापूरच्या सर्वसाधारण घरांत टेट्रिस आला तो या राजमार्गाने आला नाही. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, २४ तारखेला मनमोहन सिंग यांनी आपला सुप्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला आणि आयात शुल्काची कमाल मर्यादा दरसाल खाली येऊ लागली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध अर्थात २००१ च्या एप्रिलपर्यंत पुरते उठलेले नव्हते. तथापि चीनमध्ये बनलेला माल मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गाळ्यांतून खाली झिरपत होताच, आणि त्या मालातच ‘ब्रिक गेम’ नावाचे ते सर्वपरिचित यंत्र होते. दिवाळीच्या आधी महाद्वार रोडवर खेळण्यांच्या ज्या रांगा लागत, त्यांत आकाशकंदील आणि टिकल्यांच्या पिस्तुलांच्या जोडीने, प्लॅस्टिकच्या पारदर्शक वेष्टनात, ते टांगलेले दिसू लागले. शंभराच्या एक-दोन नोटांत ते मिळे. आखाती काकाची आवश्यकता संपली.

दहा चौकोन आडवे आणि वीस उभे, असा दोनशे चौकोनांचा त्याचा पडदा होता, आणि त्या दोनशे चौकोनांतच वरून पडणाऱ्या विटा, शर्यतीची मोटार, गोळ्या झाडणारा रणगाडा आणि लांबत जाणारा साप हे सगळे दाखवावयाचे असे. वेष्टनावर ‘९९९९ गेम’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात डझन-दीड डझन खेळ आणि त्यांच्या वेगांचे व काठिण्याचे नाना भेद मिळून तो आकडा गाठलेला होता, हे आठ दिवसांत ध्यानात येई. पण खरे सांगावयाचे तर त्यामुळे कोणाचा विरस झालेला मी पाहिला नाही, कारण विटांचा एकच खेळ सबंध सुट्टीला पुरून उरत असे. यंत्र सुरू करताच जी कर्कश धून वाजे, ती ऐकून तीन घरे पलीकडचा मुलगा जेवता जेवता ताटावरून उठे.

आणि येथूनच कोल्हापूरचा असा स्वतंत्र इतिहास सुरू होतो. हे यंत्र ज्याने कल्पिले त्याच्या डोळ्यांसमोर गर्दीत बसलेला एकटा माणूस होता; पडदा एकाच्या डोळ्यांपुरता, बटणे एकाच्या अंगठ्यांपुरती, आवाजही एकाच्या कानांपुरता. पेठेत मात्र एकट्याने करावयाच्या गोष्टी थोड्याच असतात. जेथे व्यायाम तालमीत होतो, जेथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने मैदानात उतरतात, जेथे दूधसुद्धा कट्ट्यावर चार माणसांत उभे राहून प्यावयाचे असते, तेथे एका घरात आलेला गेम त्या घरापुरता राहणे अशक्य होते. मालकी एकाची आणि वहिवाट गल्लीची, असा त्याचा कायदा आपोआप ठरून गेला. जमिनीच्या दाव्यांत वहिवाटीचा हक्क जितका चिवट असतो तितकाच तो येथेही होता. मालकाच्या मुलाने रागावून गेम घरात नेऊन ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्याची आईच तो बाहेर आणून देई आणि सर्वांना खेळू द्यावयास सांगे.

वहिवाटीचे नियम लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. ‘चान्स’ एकाचा, आणि तो ‘गेम ओव्हर’ होईपर्यंत. त्याच्या दोन्ही खांद्यांवरून दोघे पाहणार, त्यांचा मान त्यांच्या पाळीच्या क्रमाने. उरलेले समोर बसून खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आणि यंत्राच्या आवाजावरून आत काय चालले आहे ते ओळखणार. बाहेरून सूचना देण्यास बंदी नव्हती. ‘फिरव, फिरव की!’, ‘डावीकडं सरकव!’, ‘थांब भावा, उभा दांडा येतोय!’ असा गलबला चाले, आणि चार ओळी एकदम भरून नाहीशा होत तेव्हा कुस्ती निकाली झाल्यासारखी आरोळी उठे. वेळ लावून रेंगाळणाऱ्याला ‘झालं की तुझं, दे आता’ असा तगादा असे. मालकाच्या मुलाला दिवसातून एकदा पाळीबाहेर खेळण्याचा हक्क होता. त्याहून अधिक त्याने मागितलेले मी पाहिले नाही.

माझ्या चुलतभावाने वापरून झालेल्या शाळेच्या वहीत सर्वांचे गुण लिहावयास प्रारंभ केला. डाव्या बाजूस नाव, मध्ये गुण, उजवीकडे साक्षीदाराचे नाव. साक्षीदाराखेरीज केलेला विक्रम ग्राह्य धरला जात नसे, मग तो कितीही मोठा असो. एका मुलाने रात्री एकट्याने अंथरुणात बसून काढलेले गुण त्या वहीत कधीच चढले नाहीत, यावरून बराच वाद माजला होता, आणि तो निवाड्यासाठी तालमीतल्या एका वडीलधाऱ्या पैलवानांपुढे गेला. त्यांनी गेम हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि खासबागेत रात्री कोणी नसताना एकट्यानेच मैदान मारले असे कोणी सांगितले तर तुम्ही मानाल काय, एवढेच विचारले. वाद मिटला. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या आखाड्याभोवतीच्या मातीच्या उतारावर बसून हजारो लोक जी कुस्ती पाहत आले, तिचे सारे कायदे आमच्या पिढीने न कळत तळहाताएवढ्या पडद्याला लावले होते.

या इतिहासात केवळ मुलगेच होते असे समजणे चुकीचे ठरेल. मुली घराच्या सोप्यात बसून खेळत, आणि त्यांच्यातल्या कित्येकींचा हात आमच्यापेक्षा सरस होता. आमच्या आत्ती दुपारी धुणेभांडी आटोपली की गेम मागून घेत. त्यांना मोटारीची शर्यत आवडत नसे. विटा मात्र त्या फळीवर भांडी लावावीत तशा न घाबरता, न थांबता, एकही फट न ठेवता लावीत. वेग शेवटच्या पायरीवर गेल्यावर आमची बोटे गोंधळत; आत्तींची गती होती तीच राही. ‘आत्ती, एवढं कसं जमतंय तुम्हाला?’ असे विचारले तर ‘पडल्यावर काय बघायचं, पडायच्या आधी बघायचं’ असे म्हणून त्या चहा टाकावयास उठत. त्यांचे नाव वहीत पहिल्या पानावर सर्वांत वर होते आणि साक्षीदारांच्या रकान्यात ‘सर्व गल्ली’ असे लिहिलेले होते.

माझ्या स्वतःच्या मालकीचा गेम बॉय याच सुमारास आला. परदेशी नोकरीस असलेल्या मावशीच्या यजमानांनी आपल्या मुलाचा वापरून झालेला संच माझ्यासाठी पाठवला होता. करड्या रंगाची ती जड, चौकोनी पेटी, जांभळट लाल रंगाची दोन गोल बटणे, डावीकडचा अधिकचिन्हाच्या आकाराचा खटका, आणि कडेला आवाजाची व पडद्याच्या गडदपणाची दोन दातेरी चाके. सोबत एकच कॅसेट होती, टेट्रिसची. ब्रिक गेमवर वाढलेल्या आम्हा मुलांना त्यातल्या विटा ओळखीच्या होत्या. परंतु त्यांना येथे छटा होत्या, कडा होत्या, आणि संगीत असे होते की ते ऐकण्यासाठी काही जण पाळी नसतानाही जवळ येऊन बसत. त्याच्या कडेला दुसऱ्या यंत्राशी जोडण्याची तार लावण्याची खाच होती. दोघांनी दोन यंत्रांवर एकमेकांविरुद्ध खेळावे, यासाठी जपानी कारागिरांनी ती योजना केली होती. माझ्या माहितीच्या मुलुखात दुसरा गेम बॉय नव्हता, त्यामुळे ती खाच रिकामीच राहिली. आमची चढाओढ मात्र त्या एकाच यंत्रावर, पाळीपाळीने आणि साक्षीदारांसमोर, त्या खाचेवाचूनही पुरेपूर होत असे.

चार सेलांचा खर्च ही खरी अडचण होती. रेडिओचे सेल, बॅटरीचे सेल आणि गेमचे सेल यांचा घरात स्वतंत्र हिशेब असे, आणि घड्याळातून काढलेला अर्धमेला सेल गेममध्ये घालून पाहण्याची युक्ती दर घरी चाले. सेल संपत आले की उन्हात ठेवावयाचे, तळहातांत घासून गरम करावयाचे. ऊब मिळाली की त्यांतील उरलीसुरली शक्ती थोडी बाहेर येई, हे आम्ही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाआधी शिकलो. पडद्यामागे दिवा नसल्याने खेळ प्रकाशाच्या मर्जीवर असे. दुपारी कट्टा, संध्याकाळी ऊन जसे सरकेल तसे आम्ही सरकत रंकाळ्याच्या बाजूच्या भिंतीपर्यंत जात असू, आणि वीज गेलेल्या रात्री कंदिलाची वात मोठी करून, काचेवर तिची चमक येणार नाही अशा कोनात यंत्र धरण्यासाठी एक जण केवळ कंदील सांभाळण्याच्या कामावर असे. कंदील धरणाऱ्याला एक चान्स जादा मिळे.

यंत्रे बिघडत, तेव्हा कोल्हापूरच्या दुसऱ्या एका परंपरेशी गाठ पडे. महाद्वार रोडच्या परिसरात घड्याळे व रेडिओ दुरुस्त करणारे जे कारागीर बसत, त्यांच्यापुढे या वस्तू प्रथम आल्या तेव्हा त्यांच्यापाशी नकाशे नव्हते, सुटे भाग नव्हते. त्यांनी त्या उघडल्या आणि विचार केला. पडद्यावरची एखादी उभी रांग नाहीशी झाली असेल, तर दोष काचेचा नसून काच आणि सर्किटची पट्टी यांना जोडणाऱ्या, आलटून-पालटून वीजवाहक थर असलेल्या रबराच्या फितीचा आहे, हे त्यांनी ताडले. ती फीत काढून, पुसून, किंचित दाब वाढवून बसवली की रांग परत येई. बटण दाबूनही लागत नसेल, तर त्याखालच्या रबरावरचा काळा थर झिजलेला असे. तेथे शिसपेन्सिलीचे टोक घासावयाचे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवावयाची. सेल फुटून स्प्रिंगांवर चढलेला क्षार लिंबाच्या रसाने काढावयाचा. ‘सेल काढून ठेवलं न्हाईस व्हय रं बाळ?’ असे आमच्या ओळखीचे मेस्त्री नाकावर चष्मा सरकवीत विचारीत, आणि मग टेबलाच्या कडेला मला उभे करून प्रत्येक स्क्रू कोठून निघाला ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर टाकीत. पैसे क्वचितच घेत. यंत्रशास्त्राचा माझा पहिला पाठ मी त्यांच्यापुढे उभा राहून घेतला आहे आणि त्यांचे ऋण मोठे आहे.

हा काळ ओसरला तो फार गाजावाजा न करता. नोकियाने १९९७ पासून आपल्या दूरध्वनी संचांत ‘स्नेक’ हा सापाचा खेळ घालण्यास प्रारंभ केला होता. २००३ च्या सुमारास येणाऱ्या कॉलचे पैसे पडेनासे झाले, संच स्वस्त झाले, आणि ज्या घरात मोबाइल आला त्या घरातल्या मुलाला वेगळा गेम मागण्याचे कारण उरले नाही. पण मोबाइल वडिलांचा होता. तो गल्लीत फिरवता येत नसे, त्याला वहिवाट लागू होत नसे. कॉल येईल, शिल्लक जाईल, या भयाने तो पाच मिनिटांत परत मागितला जाई. खांद्यावरून पाहणारे दोघे प्रथम नाहीसे झाले, आणि नंतर समोर बसणारे. योकोई यांना ज्या एकट्या प्रवाशासाठी हे यंत्र करावयाचे होते, तो एकटा प्रवासी पेठेत अवतरला तो या मार्गाने. ते स्वतः त्यापूर्वीच, ४ ऑक्टोबर १९९७ रोजी, रस्त्यावरील अपघातात निवर्तले होते.

आज त्या काळच्या वस्तू कोल्हापुरात किती उरल्या असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तेथील माळ्यांखालची कपाटे आणि ट्रंका गेल्या, आणि त्यांतल्या अडगळीत अशी काही यंत्रे असणारच. जी वाचली ती पेठांतल्या जुन्या घरांत, लग्नाच्या अल्बमांखाली आणि बंद पडलेल्या कॅमेऱ्यांच्या शेजारी पडलेली आहेत. चुलतभावाची वही माझ्यापाशी आहे. तिच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण पहिले पान शाबूत आहे. माझा गेम बॉय चालतो. पुतण्या आणि त्याचे मित्र सुट्टीत तो मागतात तेव्हा मी साक्षीदाराची अट त्यांना सांगतो आणि ते ती पाळतात.

ज्यांच्या घरी असे एखादे यंत्र असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की आजच त्याचे मागचे झाकण उघडून पाहावे. सेल आत राहिले असतील तर ते लगेच काढावेत, हिरवट किंवा पांढरा क्षार दिसला तर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो पुसावा, भाग पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि त्यानंतरच नवे सेल घालून पाहावेत. पडद्यावरची एखादी रांग गेली असेल तर घाईने फेकू नये, महाद्वार रोडच्या बाजूला घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या कारागिराला ते आधी दाखवावे. आणि ते यंत्र कोणी, कोठून, कोणत्या साली आणले, गल्लीत कोण कोण त्यावर खेळे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावे.